शेवटचं बरं

"सात," बाई म्हणाल्या. "बरोबर सात."

ताईचं पेन कागदावर टेकलं होतं, ते क्षणभर तसंच राहिलं. उत्तर चुकीचं होतं असं नाही. फार पटकन आलं होतं, एवढंच. एकोणीस वर्षं ती ॲम्ब्युलन्सवर होती, आणि या एकोणीस वर्षांत किती जिन्यांवर, किती दारांत, किती पलंगांच्या कडेला बसून तिनं हा प्रश्न विचारला असेल याची गणतीच नाही: यांना शेवटचं बरं कधी पाहिलंत? फॉर्मवर त्याचा रकाना होता, 'रुग्ण शेवटचा बरा असल्याची वेळ'. गाड्यांवरची माणसं एवढं लांबण न लावता त्याला नुसतं 'शेवटचं बरं' म्हणायची. शेवटचं बरं किती? शेवटचं बरं कळत नाही. अर्धांगाच्या झटक्यात सगळं त्या एका आकड्यावर असतं. तिथून साडेचार तासांच्या आत पोचलात तर मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन मिळतं, आणि कधीकधी माणूस संध्याकाळी उठून बसतो, माझा चष्मा कुठंय म्हणून भांडतो. वेळ उलटून गेल्यावर तेच इंजेक्शन दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस हातचा जाऊ शकतो. आणि हा आकडा कुठल्या यंत्रात दिसत नाही. तो घरातल्या माणसाच्या तोंडून काढावा लागतो.

आणि घरातल्या माणसाला तो सांगता येत नाही, हे तर ताई डोळे मिटून सांगू शकली असती. एरवी काय होतं? थांबा हं, काल जेवले, नाही, जेवले कुठं, नुसतं दूध घेतलं, मग तो कुणाचा फोन आला होता गं? सून एक सांगते, मुलगा दुसरं, मग त्यांच्यातच जुंपते. कुणी रडायला लागतं. कुणी छातीठोकपणे सांगतं, आत्ताच तर बरे होते! आणि खोदून विचारलं की ते आत्ताच म्हणजे काल दुपारचं निघतं. ताईला याचा राग यायचा नाही. बऱ्या माणसाकडे बघतंय कोण? माणूस बरा असला की तो घरातल्या कपाटासारखा, येता-जाता अंगाला लागतो तेवढाच. म्हणून तिला सवय होती ती चाचपडण्याची, अडखळण्याची, स्वतःवरच चिडण्याची. ते ऐकलं की तिला भरवसा वाटायचा. या बाईंनी मात्र घड्याळ हातात घेऊन बसल्यासारखं सांगितलं, सात.

बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या अरुंद पलंगाशेजारी ते गृहस्थ जमिनीवर पडले होते. सत्तरीच्या आसपासचे, अंगानं दणकट, एका पायात सपात आणि दुसरी कुठंतरी पलंगाखाली. ताईनं गुडघे टेकले. श्वास नीट, नाडी नीट. बोटाला टोचून साखर बघितली, एकशे चौदा. म्हणजे साखर उतरल्याची भानगड नाही. ब्लडप्रेशर चढलेलं, पण हाताबाहेर नाही. "काका, हसून दाखवा बघू," ती म्हणाली, आणि काका अर्ध्याच तोंडानं हसले. उजवी बाजू खाली ओघळली होती. "दोन्ही हात वर. असेच धरून ठेवा." उजवा हात हळूहळू खाली आला आणि सतरंजीवर पडला. "आता म्हणा, आज हवा चांगली आहे." काकांच्या तोंडून नुसता एक जाड आवाज निघाला, पुन्हा तोच, आणि आपल्याला हवं ते येत नाहीये हे त्यांच्या डोळ्यांना चांगलं कळत होतं. ते डोळे ताईकडे नव्हते. ते सारखे तिच्या खांद्यावरून मागे, दारात उभ्या असलेल्या बायकोकडे जात होते. आणि बायको त्यांच्याकडे बघत नव्हती.

हे सगळं ताईनं बघितलं, पण त्या वेळी ते नुसतं डोळ्यांत जाऊन पडलं. हात दुसऱ्या कामात होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना वळणाचा. ड्रायव्हरनं खुर्ची उघडली, काकांना बसवून पट्टे आवळले. या ड्रायव्हरला सगळा डेपो 'सावकाश' म्हणायचा. जिन्यात, वळणावर, सिग्नलला, जेवताना, त्याच्या तोंडी तो एकच शब्द. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचं नाव सावकाश, यावरून लोकांनी त्याची भरपूर टर उडवली होती. पण त्याच्या गाडीत मागे बसून कुणाच्या हाताला सलाईन लावायचं असेल तेव्हा त्या नावाची किंमत कळायची. "सावकाश, काका, सावकाश, मी आहे," करत त्यानं तीन मजले उतरवले. निघता निघता ताईनं वळून खोलीवर नजर फिरवली. पलंगाजवळच्या स्टुलावर चहाचा कप होता. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली, ओठ न लागलेला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत दुसरा पलंग दिसत होता, एकाच माणसाचा.

गाडीतून तिनं हॉस्पिटलला कळवलं. पुरुष, सत्तर, उजवी बाजू गेली, वाचा गेली, शेवटचं बरं सात, आठ वाजता जमिनीवर सापडले. नऊला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी काकांना आत पोचवलं. दारातच उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरनं बाईंना पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, सात, आणि डॉक्टरचा चेहरा एकदम उजळला. "वा! भरपूर वेळ आहे. आधी डोक्याचं स्कॅन, अर्ध्या तासात इंजेक्शन." असा रुग्ण त्यांना क्वचित मिळतो. ताईनं सही दिली, सही घेतली, आणि मागच्या आवारात गाडीपाशी येऊन फॉर्म पुरा करायला बसली.

सावकाश स्ट्रेचर पुसत होता. ती पायरीवर बसून त्या रकान्याकडे बघत राहिली. तिच्याच अक्षरात सात. पुढं दोन शून्यं.

"त्या बाई खोटं बोलतायत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"फार पटकन बोलल्या."

सावकाशनं फडकं पिळलं. "अहो ताई, पटकन बोललं की खोटं. थांबून बोललं की खोटं. मग माणसानं बोलायचं तरी कसं?"

"चहा तसाच होता. नवरा-बायको वेगवेगळ्या खोलीत झोपतात. हिनं सकाळी कप आणून ठेवला असणार, त्यांच्याकडे न बघता, आणि गेली असणार आत. त्यांना झटका तेव्हाच आलेला असेल. किंवा पहाटे. कुणाला ठाऊक."

"एवढ्या वर्षांच्या संसारात चहा न बघताच देतात," सावकाश म्हणाला. "घरोघरी तेच. म्हणून काय बाई खोटं बोलते? आणि असेल शंका, तर डॉक्टरला सांगा की."

तेच तर होतं. डॉक्टरला सांगायचं म्हणजे काय? वेळेची खात्री वाटत नाही, एवढं ती बोलली असती की त्या पोरसवदा डॉक्टरनं इंजेक्शन पुन्हा कपाटात ठेवलं असतं, आणि ठेवायलाच हवं. आणि बाई खऱ्या असल्या तर? मग एका माणसाची वाचा ताईच्या संशयापायी गेली. बाई खोट्या असल्या आणि ताई गप्प बसली, तर संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या डोक्यात रक्त. इकडे आड, तिकडे विहीर. नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. सावकाशला वाटलं असेल, ताईला आज कामाचा शीण आलाय. पटकन आलेलं उत्तर ओळखायला ताईनं कुणाकडे शिकवणी लावली होती, हे त्याला माहीत नव्हतं. तसं एक उत्तर तिनं स्वतः दिलं होतं, तीन वर्षांपूर्वी, स्वतःच्या घरात, आणि ते लिहून घेणाऱ्याला मुळीच संशय आला नव्हता.

त्या सकाळी ती रात्रपाळी करून साडेसातला घरी आली होती. आई तिच्याकडे राहायची. दादा दुसऱ्या शहरात, त्याचं बिऱ्हाड मोठं, आणि ताईला नवरा-पोरं नव्हती म्हणजे आई हिच्याकडेच, हे न बोलता ठरलेलं. तक्रार नव्हती. आई गोड होती, पण बोलकी. दिवसभर एकटी असायची, त्यामुळे दाराची कडी वाजली की तिचं सुरू व्हायचं: आलीस? किती गं उशीर? ती खालची बाई काय म्हणाली माहितीय? आणि मग तासभर सुटका नाही. रोज ताई आल्या आल्या आईच्या खोलीत डोकवायची. त्या दिवशी पाय नुसते ओढत होते. बारा तास, त्यातले शेवटचे दोन एका उलटलेल्या गाडीत वाकून. तिनं दार उघडलं ते कडी हातानं दाबून, वाजू न देता. चपला हातात घेतल्या. आईच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. त्या फटीसमोरून ती चोरपावलांनी गेली, भिंतीला चिकटून, आपल्याच घरात, चाळिशी उलटलेली बाई. देवा, तिला जाग नको येऊ देऊस, असं ती मनात म्हणाली. खरंच म्हणाली. आणि जाऊन झोपली.

अकराला उठली तेव्हा घर फार शांत होतं. आई पलंगावरच होती, उजव्या कुशीवर, तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे. ताईनं फोन केला तो आपल्याच डेपोला. सहा मिनिटांत गाडी आली, सावकाशच होता गाडीवर, आणि त्याच्याबरोबर तिच्याच हाताखाली शिकलेला एक जण. त्यानं सगळं अगदी तिनं शिकवलं होतं तस्सं केलं. श्वास, नाडी, साखर, हात. आणि मग वर बघून म्हणाला, "ताई, शेवटचं बरं?"

तिला उत्तर येत होतं. खरं उत्तर होतं, काल संध्याकाळी सहा. कामाला निघताना आई म्हणाली होती, पंखा कमी कर गं जाताना. एवढं सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे पुढचंही आलं: सकाळी आल्यावर बघितलं नाहीत? हाच प्रश्न ती लोकांना विचारायची, आणि लोकांच्या माना खाली जाताना तिनं हजारदा बघितल्या होत्या. तिचं तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "आठ. बरोबर आठ." तो मुलगा लिहायला लागला. कुणी काही विचारलं नसताना ती आणखी बोलली, "आल्यावर बोलले ना मी तिच्याशी. म्हणाली, दमलीस गं, झोप जा." हे शेवटचं वाक्य कुठून आलं ते तिला आजही सांगता येत नाही. आई असं कधी बोलायची नाही. आई म्हणाली असती, झोपा कसल्या काढतेस, बस जरा. गाडीत वीस मिनिटं होती. खरं सांगायला वीस सेकंद पुरतात. ती आईचा हात धरून बसली आणि एकेक चौक मागे पडत गेला. लाज होती, हो, लाजच होती. पण लाजेच्या आत आणखी एक चोर दडलेला होता. काल सहा म्हटलं असतं तर इंजेक्शन मिळालं नसतं. आठ म्हटल्यावर मिळणार होतं. कुणास ठाऊक, आई खरंच आठला बरी असेलही, असं ती स्वतःला घोकून सांगत होती. सावकाशनं त्या दिवशी आयुष्यात एकदाच गाडी हाणली. अजूनही कुणी त्याची टर उडवली की तो अभिमानानं सांगायचा, विचारा ताईंना, त्यांच्या आईला कसं नेलं ते.

बारा वाजून पाच मिनिटांनी इंजेक्शन दिलं. चारच्या सुमाराला आईनं उलटी केली, आणि मग पुन्हा डोळे उघडले नाहीत. डोक्यात रक्त झालं होतं. "हा धोका असतोच," तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत दिलं तरी शंभरातल्या पाच-सहा जणांना होतं." त्या पाच-सहा जणांत ताईनं आईला बसवलं आणि तीन वर्षं ती तिला तिथून उठू देत नव्हती. खोट्याला पाय नसतात म्हणतात. हिच्या खोट्याला चांगले धडधाकट पाय फुटले. ते दादाच्या घरी गेलं, वहिनीच्या तोंडी गेलं. दादानं आईचा फोटो मोठा करून घेतला आणि त्याखाली सुबक अक्षरांत लिहून घेतलं, 'दमलीस गं, झोप जा.' आईचे शेवटचे शब्द. दरवर्षी त्या दिवशी तो फोन करायचा आणि म्हणायचा, तू होतीस म्हणून बरं, तुझ्याशी तरी बोलून गेली. आणि ताई म्हणायची, हो रे दादा.

ती उठली. "कुठं?" सावकाशनं विचारलं. "आलेच," म्हणून ती आत गेली. स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बोळात एकच बाक होतं आणि त्यावर बाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर नवऱ्याचा चष्मा, त्याच्या काड्या त्या उघडत होत्या, मिटत होत्या. ताई शेजारी बसली.

"काकू, एक पुन्हा विचारते. त्यांना शेवटचं बरं..."

"सात," बाई म्हणाल्या.

"तुम्ही स्वतः बघितलंत? की चहा ठेवून आत गेलात?"

बाईंनी काड्या मिटल्या. "किती वेळा सांगायचं?"

"चहा घेतलेला नव्हता त्यांनी."

"नसेल घेतला."

"आणि सात म्हणजे नेमके सातच कसे? घड्याळ कशाला बघितलंत तुम्ही?"

बाईंच्या मानेवर लाली चढली. ताईनं ती लाली बघितली. म्हणजे आपलंच खरं. "तुम्ही पोलीस आहात का?" बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. ताईनं त्यांना इंजेक्शनचं समजावलं. वेळेत दिलं तर काय, वेळ टळल्यावर दिलं तर काय. बाई चष्म्याकडे बघत ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सात." आत स्कॅनचं यंत्र थांबल्याचा आवाज आला. आणखी पाच मिनिटं, फार तर दहा. या बाईला कसं सांगायचं? तुझी लाज मला माहीत आहे, तिचा रंगसुद्धा माहीत आहे, हे कसं सांगायचं?

"काकू, माझ्या आईला हेच झालं होतं," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला, चिरका. "मला विचारलं, शेवटचं बरं कधी. मी सांगितलं आठ. मी बघितलंच नव्हतं तिला. मी चपला हातात घेऊन गेले तिच्या दारावरून, ती बोलेल म्हणून. मला झोपायचं होतं. आणि मग लाज वाटली सांगायला. माझ्या शब्दावर इंजेक्शन दिलं आणि त्यातच गेली ती. कदाचित नसेल त्यानं गेली. मला माहीत नाही. मला कधीच कळणार नाही. तीन वर्षं झाली, सख्ख्या भावाला नाही सांगितलं. तुम्ही खोलीत गेला नसाल तर नाही गेलात, त्यात काही नाही, सगळ्यांचं तसंच असतं हो. पण आत्ता सांगा. आत्ता सांगितलं तर चालेल. नंतर नाही चालत."

ती रडत होती हे तिला गालावर ओल लागल्यावर कळलं. बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

"मी गेले होते खोलीत," त्या म्हणाल्या. "अहो, मी खरंच सात वाजता बोलले त्यांच्याशी. त्यांनी कप उचलला, रंग बघितला आणि न पिताच खाली ठेवला. पाणचट आहे म्हणाले. बेचाळीस वर्षं रोज तेच. कधी पाणचट, कधी गोड, कधी गार. मी म्हटलं..." त्यांनी चष्मा मांडीवर उलटा ठेवला. "मी म्हटलं, एकदाचे डोळे मिटा, म्हणजे सुटेन मी. असं मी कधी बोलले नव्हते. मनात आलं असेल हजारदा, तोंडातून कधी काढलं नव्हतं. आणि बोलल्यावर त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून वर बघितलं. भिंतीवर घड्याळ होतं. सात. मी आत जाऊन बसले. आठला धप्पकन आवाज आला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. ताईनं चहाचा कप बघितला, पलंग बघितले, मानेवरची लाली बघितली, सगळं बरोबर बघितलं आणि जोडलं मात्र आपल्या पापाला. वेळ खरी होती. लपवलेलं दुसरंच काही होतं. तिला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि भर बाजारात उघडं पडल्यासारखं वाटलं. जे सांगायची काहीच गरज नव्हती ते ती सांगून बसली होती, आणि तेही कुणाला, नावही माहीत नसलेल्या बाईला. डॉक्टर दार ढकलून बाहेर आला, हातात कागद. "रक्तस्राव नाही. देता येईल इंजेक्शन. वेळ नक्की ना, काकू? सात?" बाईंनी ताईकडे बघितलं. डॉक्टरनंही बघितलं.

"नक्की," ताई म्हणाली. "मी विचारलंय. सात."

डॉक्टरनं संमतीचा कागद बाईंपुढे धरला आणि भरभर सांगितलं, धोका अमुक, फायदा तमुक, सगळ्यात मोठी आशा वाचेची. मेंदूची डावी बाजू लवकर मोकळी झाली तर बोलणं परत येऊ शकतं. बाईंनी पेन घेतलं. सही करायच्या जागी टेकवलं आणि थांबल्या.

"बोलायला लागले तर पहिलं तेच सांगतील," त्या हळूच ताईला म्हणाल्या. "मघाशी जमिनीवर पडल्या पडल्या तेच सांगायला बघत होते तुम्हाला. मुलाला सांगतील, सुनेला सांगतील. आल्यागेल्याला सांगतील. मी ओळखते त्यांना."

डॉक्टर पायांची चुळबुळ करत होता.

"सांगू देत," बाई म्हणाल्या, आणि सही केली. चांगली ठसठशीत, पूर्ण नावाची.

डॉक्टर धावत आत गेला. दार पुढं-मागं हललं आणि थांबलं. बाकावर दोघी राहिल्या. बाईंनी चष्मा पदरानं पुसला, काचांवर श्वास सोडून पुन्हा पुसला, आणि मग ताईच्या हातावर हात ठेवला. तो हात गार होता आणि खरखरीत होता, आणि ताईला तो काढून घ्यावासा वाटला आणि वाटला नाही. बोळाच्या तोंडाशी सावकाश उभा होता. बोलवायला आला असणार, पुढचा कॉल आला असणार. पण तो भिंतीवरच्या, हात कसे धुवावेत याच्या पाटीवर हात टेकून ती वाचल्यासारखं करत होता. केव्हापासून उभा होता देव जाणे. त्याची मान खाली होती.

"तुमचं माझ्या पोटात राहील हो," बाई म्हणाल्या. "काळजी करू नका. मेले तरी कुणाला कळणार नाही."

असं कुणीतरी म्हणावं म्हणून ताई तीन वर्षं तडफडली होती. आता ते शब्द आले, चांगल्या मायेनं आले, आणि तिचा जीव गुदमरला. आणखी एका पोटात ते जाऊन बसणार, तिथं मुरणार, आणि आई तशीच खोटं वाक्य तोंडात घेऊन दादाच्या भिंतीवर राहणार. या बाईनं आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, आपल्याविरुद्ध बोलणारं तोंड उघडावं म्हणून सही केली होती.

"नका ठेवू पोटात," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली. मग उठली आणि बोळ चालून सावकाशपाशी गेली. त्यानं मान वर केली नाही.

"त्या दिवशी तू गाडी हाणलीस," ती म्हणाली, "ती माझ्या आठवर हाणलीस. मी आठला बघितलं नव्हतं रे आईला. मी तिच्या खोलीत गेलेच नव्हते."

सावकाशनं पाटीवरचा हात काढला. "ताई," तो म्हणाला. खिशातला वायरलेस खरखरत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि त्यानं विचारलं असतं ते सगळं सांगायला तयार होती.